बावला खटला आणि इंदूरचा गादीत्याग

इंदूरच्या होळकर घराण्याच्या उत्तरकालाविषयीं बोलतांना दोन परस्परविरुद्ध समज ऐकूं येतात. मुंबईच्या बावला खुनांत हात असल्याचें शाबीत झाल्यामुळें तिसरे तुकोजीराव महाराज गादीवरून निघाले, हा पहिला समज. महाराजांचा कांहींएक संबंध नसतां इंग्रज सरकारनें हें निमित्त साधून त्यांस घालवून दिलें, हा दुसरा. पहिला समज महाराजांस दोषी ठरवितो, दुसरा निर्दोष ठरवितो. आणि या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे असें दोन्ही समज गृहीत धरतात. वस्तुतः तसा निकाल कोणत्याही न्यायासनानें कधींच दिला नाहीं. न्यायासनानें निकाल दिला तो नऊ आरोपींचा. महाराजांचा प्रश्न न्यायासनापुढें आलाच नाहीं, आणि पुढेंही तो चौकशीस येऊं नये, या समजुतीवर गादीत्याग झाला. हें असें कां घडलें, याला आपल्या इतिहासांत पूर्वीचे दाखले कोणते आहेत, आणि या प्रकरणाचीं कागदपत्रें वाचतांना व जतन करतांना कोणती दक्षता बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

मलबार टेकडीवरील हल्ला

ता. १२ जानेवारी १९२५ रोजीं सायंकाळीं मुंबईस मलबार टेकडीवरून अब्दुल कादर बावला या धनाढ्य मुसलमान व्यापाऱ्याची मोटार चालली होती. बावला पंचविशीचा तरुण होता. त्याच्यासमवेत मुमताज बेगम ही बाई आणि मॅथ्यू नांवाचा त्याचा व्यवस्थापक असे होते. एका तांबड्या मॅक्सवेल मोटारीनें त्यांची गाडी गांठली. तींतून उतरलेल्या माणसांनीं मुमताजला बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला. बावलावर गोळ्या झाडल्या. आणि मुमताजच्या तोंडावर शस्त्राचे वार केले. इतक्यांत गोल्फचा खेळ आटोपून मोटारीनें परतणारे कांहीं इंग्रज लष्करी अधिकारी अकस्मात् तेथें येऊन पोंचले. त्यांपैकीं लेफ्टनंट सेगर्ट यानें स्वतःस गोळी लागूनही हल्लेखोरांशीं झुंज दिली, आणि हातांतील गोल्फची काठी हेंच शस्त्र केलें. हल्लेखोरांपैकीं कांहीं जागच्या जागीं पकडले गेले. बावला जखमांनीं मृत्यु पावला, मुमताज वांचली.

अधिकाऱ्यांचें तेथें येणें हा निव्वळ योगायोग होता. पण पुढील सर्व इतिहास त्या योगायोगावर उभा आहे. हल्ल्याचा हेतु बाईला जिवंत पळवून नेण्याचा होता. तो तडीस गेला असता तर मुख्य साक्षीदारच मुंबईंत उरली नसती. अधिकारी आल्यामुळें आरोपी हातीं लागले, आणि ज्यांच्या शब्दावर सरकारी न्यायालयानें सहजासहजीं अविश्वास दाखवूं नये असे साक्षीदारही मिळाले.

मुमताजची जबानी

या प्रकरणाचा उगम मुमताजच्या जबानींत आहे. ती अमृतसरकडील, गायन-नर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यांतील. लहान वयांतच ती इंदुरास आली, व सुमारें दहा वर्षें तुकोजीरावांच्या आश्रयास राहिली. तेथें तिला कमलाबाई हें नांव मिळालें होतें. महाराजांबरोबर ती विलायतेसही जाऊन आली. तिनें न्यायालयापुढें सांगितलें तें असें कीं, इंदुरांत आपणांस एक मुलगी झाली आणि ती दायांनीं मारिली. यानंतर आपलें मन तेथें राहण्यास राजी नव्हतें. पुढें मसुरीस नेलें जात असतां दिल्लीस ती गाडींतून उतरली, आणि बरोबरच्या लोकांबरोबर पुढें जाण्याचें तिनें साफ नाकारलें. त्यानंतर अमृतसर वगैरे ठिकाणीं राहून ती अखेर मुंबईस आली, व बावलाच्या आश्रयास राहूं लागली.

या जबानीचें दोन भाग पाडणें अवश्य आहे. ती इंदुरास महाराजांच्या आश्रयास होती, तेथून निघून आली, आणि तिला परत नेण्याचे प्रयत्न चालू होते, हा पहिला भाग. हल्ल्याचा हेतु काय होता हें समजण्यास तो लागत होता, म्हणून न्यायालयानें त्याचा विचार केला. मुलीच्या मृत्यूचा भाग दुसरा. तो घडला असल्यास इंदूर संस्थानांत घडलेला. त्याचा आरोप मुंबईच्या आरोपींपैकीं कोणावरही नव्हता. म्हणून त्याची खरेखोटेपणाची परीक्षा मुंबईंत होण्याचें कारण नव्हतें, आणि ती झालीही नाहीं. छापील वृत्तांतांत हे दोन्ही भाग एकाच प्रवाहांत येतात. संशोधकानें मात्र तपासलेलें विधान आणि केवळ नोंदलेलें विधान यांत भेद केला पाहिजे.

हायकोर्टांतील खटला

खटला मुंबई हायकोर्टाच्या सेशन्समध्यें न्यायमूर्ति क्रम्प आणि खास ज्यूरी यांच्यापुढें चालला. सुनावणीस १९२५ च्या एप्रिलअखेर आरंभ होऊन मे महिन्यांत ती संपली. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेटजी कांगा उभे होते. आरोपी नऊ. त्यांत शफी अहमद हा इंदूरच्या घोडेस्वार पोलिसांतील रिसालदार होता. आणि सर्वांत मोठ्या दर्जाचा आरोपी म्हणजे सरदार आनंदराव गंगाराम फणसे, इंदूरच्या फौजेचे ॲडज्युटंट जनरल. फणसे यांच्या बचावाचें काम बॅरिस्टर महंमदअली जिना यांनीं चालविलें.

येथें एक कायदेशीर बाब ध्यानांत घेतली पाहिजे. ज्याच्यावर प्रत्यक्ष गोळी झाडल्याचा आरोप नाहीं अशा मनुष्यास शिक्षा कशी होऊं शकते? भारतीय दंडसंहितेंत अपराधास चिथावणी देणें हा गुन्हा आरंभापासून होता. १९१३ सालीं तींत फौजदारी कटाचें स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. अपराध करण्याचा दोघांनीं किंवा अधिकांनीं संकेत केला, इतकें ठरलें कीं कट सिद्ध होतो. संकेत करणारा घटनास्थळीं होता कीं नव्हता, हा प्रश्न मग गौण. म्हणजे टेकडीवरील हल्लेखोरांपासून इंदूरच्या सरदारापर्यंत पोंचण्याची वाट कायद्यांत तयार होती. त्या वाटेनें न्यायालय फणसे यांच्यापर्यंत गेलें. पुढें एक पायरी उरली होती, तेथें मात्र वाट संपली.

ता. २३ मे १९२५ रोजीं निकाल लागला. तिघांस फांशीची शिक्षा झाली. फणसे धरून चौघांस जन्मठेप काळें पाणी. दोघे निर्दोष सुटले. या हल्ल्यामागें दुसरे कोणी असावेत, असें न्यायमूर्ति क्रम्प यांनीं सूचित केलें. ते कोण हें निश्चित सांगतां येत नाहीं. परंतु जी स्त्री दहा वर्षें इंदूरच्या महाराजांजवळ होती तिलाच पळविण्याचा हा यत्न असल्यामुळें, त्याचें मूळ इंदुराकडे शोधणें गैरवाजवी होणार नाहीं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे शब्द पुढें शेंकडों वेळां उद्धृत झाले. परंतु त्यांचें स्वरूप तर्काचें आहे, निर्णयाचें नाहीं; आणि त्यांत महाराजांस दोषी धरलेलें नाहीं. न्यायासनावरून निघालेलें प्रत्येक वाक्य निकाल नसतें.

त्या काळीं हायकोर्टानें ज्यूरीसह आपल्या मूळ अधिकारांत दिलेल्या शिक्षेवर साधें अपील करण्याची सोय आरोपीस नव्हती. लेटर्स पेटंटच्या २६ व्या कलमाप्रमाणें ॲडव्होकेट जनरलनें कायद्याची चूक असल्याचा दाखला दिला तर हायकोर्ट पुन्हां पाही, नाहींतर थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलाकडे अपिलाच्या परवानगीसाठीं अर्ज करावा लागे. तसा अर्ज त्याच वर्षीं झाला. परंतु प्रिव्ही कौन्सिल फौजदारी निकालाचा पुरावा पुन्हां तोलून पाहात नसे. न्यायाच्या मूलतत्त्वांस बाध आला असेल तरच हात घाली. अर्ज नामंजूर झाला. अशा शिक्षेवर अपिलाचा हक्क फौजदारी कायद्यांत ४११-अ हें कलम घालून पुढें १९४३ सालीं देण्यांत आला. बावला खटल्यांतील आरोपींस त्याचा उपयोग नव्हता.

कायद्याची हद्द

ठाण्याजवळ माजिवड्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता कसाऱ्याचा घाट चढून नाशिक व धुळें मागें टाकतो, सेंधव्याकडे जुन्या होळकरी मुलखांत शिरतो, आणि महूवरून इंदुरास पोंचतो. रस्ता अखंड होता, कायदा तसा नव्हता. सेंधव्यास होळकरांची हद्द लागली कीं मुंबईच्या हायकोर्टाचें समन्स त्याच्या स्वतःच्या बळावर पुढें चालत नसे. संस्थानांतील मनुष्य ताब्यांत घ्यावयाचा तर तो पोलिटिकल खात्याच्या मार्फत मागावा लागे. नोकर, रिसालदार, सरदार या मार्गानें मिळूं शकत. प्रत्यक्ष राजा मात्र या मार्गानें मिळत नसे.

राजाचें कायद्यांतील स्थान विलक्षण होतें. १९०८ च्या दिवाणी कायद्याच्या ८६ व्या कलमानें संस्थानिकावर सरकारच्या परवानगीवांचून दावाही लावतां येत नसे. फौजदारी न्यायालयापुढें त्यास साध्या आरोपीप्रमाणें आणण्याचा प्रघातच नव्हता. तथापि तो परदेशचा स्वतंत्र राजाही नव्हता. मणिपूरच्या प्रकरणानंतर १८९१ सालीं हिंदुस्थान सरकारनें जाहीर केलें होतें कीं, सरकार व संस्थानें यांच्या परस्परसंबंधांस आंतरराष्ट्रीय कायद्याचीं तत्त्वें लागू नाहींत. म्हणजे न्यायालयास तो दूर होता आणि पोलिटिकल खात्यास अगदीं जवळ. त्याचा न्याय करावयाचा कीं नाहीं, कसा करावयाचा, हें ठरविणारी सत्ता न्यायाधीशाची नसून व्हाइसरॉयची होती.

या सत्तेस थोडा नियम लावण्यासाठीं ता. २९ ऑक्टोबर १९२० रोजीं सरकारनें एक ठराव केला. एखाद्या राजाचे अधिकार काढून घेण्याचा प्रसंग आल्यास सामान्यतः एक चौकशी-मंडळ नेमावें, व त्यांत वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याबरोबर संस्थानिकही असावेत, असें त्यांत ठरलें. १९२२ सालीं दुसरा कायदा झाला, तो वर्तमानपत्रांसंबंधीं. संस्थानिकांविरुद्ध अप्रीति पसरविणाऱ्या लिखाणास त्यानें शिक्षा ठेविली. मध्यवर्ती असेंब्लीनें तो नाकारला असतां लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारांत तो अमलांत आणला. १९२५ सालचें या विषयावरचें छापील साहित्य वाचतांना हा कायदा सतत डोळ्यांपुढें ठेवावा. न्यायालयांतील कामकाजाचें वृत्त छापणें त्यांतल्या त्यांत निर्धास्त होतें. त्यावर स्वतःच्या नांवें मत देणें तितकें निर्धास्त नव्हतें.

ठाण्याचा व बडोद्याचा दाखला

धन्याचा प्रश्न बाजूस ठेवून हस्तकास शिक्षा करावयाची, हा प्रकार १९२५ सालीं प्रथम झाला असें नाहीं. ठाण्याच्या किल्ल्याशीं निगडित असलेला एक दाखला वाचकांस परिचितच आहे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ च्या जुलैंत पंढरपुरास खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. या वैराच्या मुळाशींही राजकारणाबरोबर घरगुती मानापमान होते. शास्त्र्यांच्या मुलाशीं पेशव्यांच्या मेव्हणीचा ठरत आलेला विवाह मोडला. शिवाय वाड्यांतील आचार पाहून शास्त्र्यांनीं आपल्या पत्नीस तेथें पाठविण्याचें नाकारलें, असें ग्रँट डफनें लिहिलें आहे. संशय दुसऱ्या बाजीरावांपर्यंत जात होता. परंतु एल्फिन्स्टननें मागणी केली ती त्रिंबकजी डेंगळ्याची. सप्टेंबरांत त्रिंबकजी इंग्रजांच्या हवालीं झाला, ठाण्याच्या किल्ल्यांत अडकविला गेला, आणि ता. १२ सप्टेंबर १८१६ रोजीं तेथून निसटला. पुढें १८१७ च्या जूनमधील पुण्याच्या तहांत, त्रिंबकजीच अपराधी अशी आपली खातरी झाल्याचें पेशव्यांकडून लिहून घेण्यांत आलें. न्यायालय कोठेंच बसलें नाहीं. तरी तहाच्या कलमानें अपराधी ठरला, आणि धनी त्याच कलमानें मोकळा राहिला. पुढें ठाण्याच्या त्या किल्ल्याचें कारागृहांत रूपांतर झालें.

दुसरा दाखला बडोद्याचा. मल्हारराव गायकवाड यांनीं १८७४ सालीं लक्ष्मीबाई या स्त्रीशीं केलेला विवाह वादाचा विषय झाला होता. तिचें लग्न पूर्वींच झालें असल्याची तक्रार होती, व तिच्या पोटीं झालेल्या मुलाच्या वारशाचा प्रश्न त्यांत गुंतला होता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रेसिडेंट कर्नल फेअर यास विष घालण्याचा यत्न झाल्याचा आरोप आला. सरकारनें महाराजांस अटकेंत ठेवून १८७५ सालीं चौकशी-मंडळ नेमलें. सर रिचर्ड कौच हे अध्यक्ष. त्यांच्यासह तीन इंग्रज. आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग व सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सभासद. तीन इंग्रज सभासदांनीं आरोप शाबीत मानला. तीन हिंदी सभासदांनीं मानला नाहीं. मतें समसमान फुटल्यावरही त्याच वर्षीं एप्रिलांत मल्हारराव पदच्युत झाले. मात्र कारण विषप्रयोगाचें न देतां दुर्वर्तन व गैरकारभार यांचें दिलें गेलें.

हे दोन दाखले एकमेकांशेजारीं ठेवले म्हणजे इंदूरचें प्रकरण स्पष्ट होतें. १८१५ सालीं हस्तक कैदेंत गेला, धन्याची चौकशी नाहीं. १८७५ सालीं धन्याची उघड चौकशी झाली. पण निकाल न मिळतांच पदच्युति झाली. १९२५ सालीं हस्तकांचा रीतसर खटला झाला, आणि धन्याची चौकशी टळून गादीत्याग झाला.

गादीत्याग

शिक्षा कायम झाल्यावर सरकारनें महाराजांपुढें दोन मार्ग ठेवले : १९२० च्या ठरावाप्रमाणें चौकशी-मंडळास सामोरें जाणें, किंवा गादी सोडणें. ता. २६ फेब्रुवारी १९२६ रोजीं तुकोजीरावांनीं पुत्र यशवंतराव यांच्यासाठीं गादी सोडली. मलबार टेकडीच्या प्रकरणाशीं आपला संबंध असल्याचा जो आरोप आहे त्याची आणखी चौकशी होऊं नये, या समजुतीवर आपण गादी सोडीत आहों, असा त्यांच्या लेखाचा आशय होता. आणि सरकारनें तें मान्य केलें. यशवंतराव त्या वेळीं सतरा वर्षांचे होते. त्यांस पूर्ण अधिकार १९३० सालीं मिळाले.

दोन्ही पक्षांनीं हा मार्ग कां पत्करला, याचें अनुमान परिस्थितीवरून करतां येतें. सरकारास बडोद्याचा अनुभव होता. चौकशी उघड झाली तर मंडळ फुटण्याचा संभव होता, आणि त्यांतील राजेलोक एका बाजूस गेले असते तर अर्धशतकापूर्वीचा पेंच पुन्हां उभा राहिला असता. महाराजांच्या बाजूनें पाहतां, चौकशी म्हणजे मुमताजची संपूर्ण जबानी पुन्हां एकदां, आणि या वेळीं खुद्द त्यांच्याविरुद्ध. खाजगी जीवनाची अशी चर्चा राजघराण्यांस किती जाचत असे, हें थोड्याच महिन्यांपूर्वी लंडनला दिसून आलें होतें. काश्मीरच्या गादीचे भावी वारस हरिसिंग यांस पॅरिसमध्यें एका स्त्रीच्या निमित्तानें जाळ्यांत ओढून मोठी रक्कम उकळण्यांत आली होती. तीन लक्ष पौंडांचे दोन धनादेश त्यांनीं लिहून दिले होते. त्या पैशाच्या वांटणीवरून १९२४ सालीं लंडनला दावा चालला, तेव्हां न्यायालयांत हरिसिंगांचा उल्लेख ‘मिस्टर ए’ असा करून नांव झांकण्याची खटपट झाली. ती फसली, आणि नांव जगजाहीर झालें. त्या प्रकरणांत हरिसिंग हे फसविले गेलेले होते, आरोपी नव्हते. तरी लाज त्यांच्याच वांट्यास आली.

इंदूरच्या गादीत्यागानंतर एकाच महिन्यानें, ता. २७ मार्च १९२६ रोजीं, लॉर्ड रीडिंग यांनीं हैदराबादच्या निजामास तें प्रसिद्ध पत्र लिहिलें, ज्यांत ब्रिटिश सत्तेचें सर्वश्रेष्ठत्व निर्विवाद असल्याचें बजावलें आहे. विषय वऱ्हाडचा होता. परंतु दोन्ही लेख एकाच धोरणाच्या छायेंत वाचावयाचे आहेत.

या तडजोडींत प्रत्येकानें काय मिळविलें व काय गमावलें, हें पाहण्यासारखें आहे. सरकारनें बोभाट्यावांचून राजा बदलला. महाराजांनीं स्वातंत्र्य, मालमत्ता व पुत्राची गादी राखली. पण ते निर्दोष असतील तर तें सिद्ध करण्याचें साधनही त्यांनीं त्याच दिवशीं हातचें घालविलें. फणसे व इतर यांनीं शिक्षा भोगली. त्यांनीं कोणाच्या सांगण्यावरून केलें, हा त्यांच्या अपराधाचें माप ठरविणारा प्रश्न अनुत्तरित राहिला. बावलाच्या आप्तांस मारेकऱ्यांस शिक्षा झाल्याचें समाधान मिळालें, कारण कळलें नाहीं. आणि मुमताजचें जें म्हणणें मुंबईच्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर होतें, विशेषतः मुलीविषयींचें, तें तपासण्याचें एकमेव स्थळ म्हणजे तें चौकशी-मंडळ. तें बसलेंच नाहीं.

संग्राहकांसाठीं

चौकशीनें न्याय मिळतो किंवा मिळत नाहीं. पण कागद निश्चित निर्माण होतो. बडोद्याच्या मंडळाचें कामकाज छापलें गेल्यामुळें फेअर प्रकरणांतील साक्षी आपण आज स्वतः तोलून पाहूं शकतों, आणि सहा सभासदांपैकीं कोणाचें मत सयुक्तिक, हें ठरवूं शकतों. इंदूरच्या बाबतींत तो कागद जन्मलाच नाहीं. म्हणून जे आहेत त्यांची किंमत अधिक, आणि ते वाचण्यांत सावधगिरीही अधिक हवी.

प्रथम खटल्याचे कागद. ज्यूरी आपल्या निर्णयाचीं कारणें देत नाहीं. म्हणून कोणता आरोपी दोषी ठरला हें निकालावरून कळतें; ज्यूरीनें कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवला हें कळत नाहीं. त्यासाठीं न्यायाधीशानें ज्यूरीस केलेला समारोप व साक्षींचे वृत्तांत शेजारीं ठेवून वाचावे. दुसरे पोलिटिकल खात्याचे व दरबारचे कागद. यांतील भाषा जाणूनबुजून मोघम असते. गादीत्यागाच्या लेखांत कबुली शोधणें जितकें चुकीचें, तितकेंच त्यांत निर्दोषत्व शोधणेंही चुकीचें. इंदूर संस्थान १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालें, त्यामुळें दरबारी कागद पाहतांना ते कोणत्या दप्तरांतून कोठें गेले याची नोंद अवश्य ठेवावी.

तिसरा वर्ग लोकांत फिरलेल्या साहित्याचा. खटला चालू होता त्याच वर्षीं कोहिनूर कंपनीनें होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘कुलीन कांता’ हा मूकपट या प्रकरणावरून बेतला. वर्तमानपत्रांचे अंक, चोपडीं, चित्रें हींही त्याच वर्गांतलीं. हा वर्ग घटनेचा पुरावा म्हणून दुबळा, पण लोकांनीं घटना कशी समजून घेतली याचा पुरावा म्हणून बळकट. असें साहित्य हातीं आल्यास कात्रण न कापतां पूर्ण अंक ठेवावा. चोपडीवरील छापखान्याचें नांव व किंमत असलेलें पान टाकून देऊं नये. छायाचित्राच्या पाठीवरील शाई पुसूं नये. एका बाजूचे कागद सांपडले म्हणून दुसऱ्या बाजूचे दडवूं नयेत.

नंतरच्या घटनांपैकीं एकीचा उल्लेख पुरे. १९२८ सालीं तुकोजीरावांनीं नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशीं विवाह केला. तत्पूर्वी नाशिकास शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनीं तिला हिंदुधर्माची दीक्षा दिली, व तिचें शर्मिष्ठादेवी असें नांव झालें. या विवाहाचीं वृत्तें इतकीं छापलीं गेलीं कीं मागील प्रकरणाची स्मृति तींत मिसळून गेली. पुढील लेखक दोन्ही घटनांचा एकत्र उल्लेख करून महाराजांच्या स्वभावाचें चित्र काढूं लागले, आणि खुनाचा प्रश्न त्या चित्राच्या आधारें सोडवूं लागले. स्वभावावरून अपराध सिद्ध करण्याची ही पद्धत कोणत्याही न्यायालयानें मान्य केलेली नाहीं. इतिहासानेंही ती मान्य करूं नये. तुकोजीराव १९७८ सालीं पॅरिस येथें निवर्तले.

गादीत्यागास पुढें आधुनिक न्यायाचें रूप मिळालें असेंही नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं दिवाणी कायद्यांत ८७-ब हें कलम येऊन पूर्वीच्या संस्थानिकांस दाव्यांपासूनचें संरक्षण काहीं प्रमाणांत चालूच राहिलें. राजेपण १९७१ च्या घटनादुरुस्तीनें संपलें. त्यापूर्वीं मुंबई खटल्याचे बहुतेक साक्षीदार काळाआड गेले होते.

सारांश, बावला खुनाचा निकाल लागला. इंदूरच्या प्रश्नाचा लागला नाहीं. होळकरांच्या वंशावळींत किंवा संस्थानाच्या बखरींत ‘१९२६ : गादीत्याग’ एवढीच नोंद करावी, आणि तिच्यापुढें ‘खुनामुळें’ किंवा ‘कारस्थानामुळें’ असा शब्द पदरचा जोडूं नये. त्या नोंदीशेजारीं मात्र मुमताज बेगमेची जबानी ठेवावी. कारण इंदूरच्या वाड्यांत काय घडलें, हें उघड न्यायालयांत शपथेवर सांगणारी ती एकटीच होती.